रस्त्याखालचा रिकामा पाइप : बालाघाटातील एका राज्यमार्गाचे प्रकरण

मराठवाड्यातील बालाघाट डोंगराच्या माथ्यावरून मांजरा नदीच्या खोऱ्यात उतरणारा आणि दोन तालुक्यांच्या ठिकाणांना जोडणारा ३८ किलोमीटरचा एक राज्यमार्ग २०१९ च्या अखेरीस रुंदीकरण व काँक्रिटीकरणासाठी उकरला गेला. त्या कामावर देखरेख करणाऱ्या सल्लागार पथकात मी होते. रस्त्याचे, गावांचे व कामाशी संबंधित कोणाचेही नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण जे घडले ते मराठवाड्यातील दुसऱ्या कोणत्याही रस्त्यावर घडू शकले असते. रस्त्यासाठी खोदाई चालूच आहे तर त्याच चरात इंटरनेटच्या केबलसाठी एक रिकामा पाइप टाकून ठेवावा, ही सूचना साधी आहे. तिला विरोध करणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही आणि तरीही बहुतेक रस्त्यांवर ती अमलात येत नाही. या रस्त्यावर ती अर्धवट अमलात आली. त्यातले काय टिकले आणि काय वाया गेले, हे तीन वर्षांनी प्रत्यक्ष तपासून पाहण्याची संधी मिळाली, म्हणून हे टिपण लिहीत आहे.

तुटलेली केबल

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना मंजूर केली. पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या या योजनेत देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे ठरले होते. तालुक्याच्या ठिकाणापासून ग्रामपंचायतीपर्यंतची अशी केबल साहजिकच रस्त्याच्या कडेने जाते, कारण तेथे जमीन सरकारी असते आणि शेतकऱ्याची परवानगी घ्यावी लागत नाही. अडचण अशी की रस्ता जेव्हा रुंद होतो, तेव्हा तो नेमका त्याच कडेवर येतो. ज्या साइडपट्टीत केबल पुरलेली असते ती साइडपट्टी उद्याच्या रस्त्याचा भाग होणार असते, आणि केबल टाकणाऱ्याला रस्त्याचा पुढचा आराखडा ठाऊक नसतो, तसेच रस्ता करणाऱ्याला केबल कोठे आहे हे ठाऊक नसते.

जानेवारी २०२० मध्ये पोकलेनने पहिल्यांदा केबल तोडली. दोन वेळा ती जोडून दिली गेली. नंतर दुरुस्ती पथक येईनासे झाले आणि त्यात त्यांची चूक होती असे मला वाटत नाही, कारण आज जोडलेला सांधा पुढच्या आठवड्यात पुन्हा खोदला जाणार, हे त्यांना समोर दिसत होते. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. या पट्ट्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मुले आजी-आजोबांपाशी राहतात. जूनपासून शिक्षण मोबाइलवर सुरू झाले तेव्हा घरात असलेला एकमेव चांगला फोन आई-वडिलांकडे होता, किंवा फोन होता तेथे रेंज नव्हती. एका ग्रामपंचायतीचे संगणक परिचालक दाखल्यांची कामे करण्यासाठी लॅपटॉप घेऊन गावामागच्या टेकडीवर जात आणि लोक कागदपत्रे घेऊन त्यांच्या मागे चढत. मी हे रोज पाहत होते आणि ज्या यंत्राने ती केबल तुटली, त्या यंत्राच्या कामाची मोजमापे माझ्याच सहीने पुढे जात होती. ही गोष्ट मला त्या वर्षी फार लागली.

टाळेबंदीत मजूर गावी परतले आणि काम थांबले. त्या रिकाम्या महिन्यांत मी रस्त्याच्या मालक विभागाला एक टिपण लिहिले.

टिपणातून प्रत्यक्षात काय पटले

टिपणात मी मोठमोठे दाखले जोडले होते. अमेरिकेत १४ जून २०१२ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी केंद्रीय मालकीच्या जमिनीवर व रस्त्यांवर ब्रॉडबँडचे काम सुलभ करणारा कार्यकारी आदेश काढला. रस्त्याचे काम चालू असतानाच केबलचे काम केल्यास खर्चात नव्वद टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असे तेव्हा तेथील प्रशासनाने म्हटले होते. तेथील लोकप्रतिनिधी ॲना एशू २००९ पासून, महामार्गाच्या कामातच असे पाइप टाकावेत यासाठी विधेयके मांडत आल्या होत्या. युरोपीय संघाने २०१४ मध्ये याच विषयावर निर्देश काढले, कारण जलद इंटरनेटचे जाळे उभारण्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा खोदाई व बांधकामाचा असतो. आपल्याकडेही २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल दूरसंचार धोरणात शहरांतील व महामार्गांच्या सर्व नव्या रस्ते प्रकल्पांत सामाईक डक्ट, म्हणजे सगळ्यांच्या केबलींसाठी एकच पाइपवाट, ठेवण्याचे उद्दिष्ट लिहिलेले होते.

यातील एकाही दाखल्याचा परिणाम झाला नाही. बैठकीत कार्यकारी अभियंत्यांनी टिपण वाचले, धोरण चांगले आहे असे म्हटले आणि विचारले, "ताई, हे अंदाजपत्रकात कुठे आहे?" ते कोठेच नव्हते. निविदा निघाली तेव्हा कामाच्या बाबींची जी यादी झाली, तिच्यात पाण्याची पाइपलाइन व विजेचे खांब हलवण्याची बाब होती, पण नव्या रिकाम्या पाइपची ओळ नव्हती. ज्या कामाची ओळ नाही त्याचे मोजमाप वहीत येत नाही, मोजमाप नाही त्याचे बिल होत नाही, आणि बिल होणार नाही असे काम ठेकेदाराने का करावे, या प्रश्नाला धोरणाकडे उत्तर नाही. माझ्या मते या सबंध विषयाची गाठ येथे आहे. पैशांची टंचाई हे तिचे कारण नव्हते. ४० मिमी बाह्य व ३३ मिमी आतील व्यासाचा, आतून कायमचा गुळगुळीत ठेवलेला, एचडीपीई या चिवट प्लॅस्टिकचा पाइप, ज्याला कामावर सगळे पीएलबी म्हणतात, त्याचा किलोमीटरमागे खर्च लाखांत मोजला जातो, तर काँक्रीट रस्त्याचा कोटींत.

शेवटी जे पटले ते अगदी घरगुती होते. या रस्त्याची साइडपट्टी मागील दहा वर्षांत कोणी कोणी व किती वेळा उकरली, याची यादी एका शाखा अभियंत्यांनी आठवून आठवून काढली. पाणीपुरवठा, वीज, दोन दूरध्वनी कंपन्या, पुन्हा पाणीपुरवठा. प्रत्येक वेळी खड्डा मुरुमाने भरला गेला आणि पुढच्या पावसाळ्यात तेथून रस्त्याची कड खचली. काँक्रीट रस्ता मात्र नंतर कापता येत नाही. स्लॅब फोडला तर दोषदायित्वाच्या काळात, म्हणजे रस्त्यातले दोष ठेकेदारानेच दुरुस्त करायचे असतात त्या काळात, जबाबदारी कोणाची, यावर ठेकेदाराशी वाद उभा राहतो, आणि खालून आडवे छिद्र पाडायचे तर बालाघाटाच्या माथ्यावर हातभर मुरुमाखाली काळा पाषाण लागतो, ज्यात यंत्राने ड्रिल करण्याचा खर्च मऊ मातीपेक्षा कितीतरी जास्त येतो. "रस्त्याखालून जाण्याची वाट आत्ताच ठेवली नाही तर उद्या कोणी तरी रस्ता फोडायला येणारच," हे शाखा अभियंत्यांचे वाक्य बैठकीत टिकले.

त्यानुसार दोन गोष्टी मंजूर झाल्या. पहिली म्हणजे प्रत्येक गावाच्या फाट्यावर, तसेच तांड्यांच्या व मोठ्या वस्त्यांच्या वाटांवर, रस्त्याखालून आडवा ११० मिमीचा पाइप काँक्रीटच्या वेष्टणात टाकायचा. असे १७ ठिकाणी ठरले. दुसरी म्हणजे जेथे नव्या गटारासाठी चर खणलाच जाणार होता, तेथे त्याच्या बाहेरच्या बाजूला रस्त्याच्या लांबीने दोन पीएलबी पाइप टाकायचे. ही लांबी नऊ किलोमीटर भरली, सहा माथ्यावर आणि तीन खाली काळ्या जमिनीत. आडव्या पाइपांना मोऱ्यांच्या बाबीखाली बसवता आले. लांबीच्या पाइपांसाठी जादा बाब मंजूर होण्यास इतका वेळ गेला की तोवर उरलेले गटार बांधून झाले होते. ३८ पैकी नऊच किलोमीटर का, याचे कारण तेवढेच.

जमिनीखाली काय उरले

रस्ता २०२२ मध्ये पूर्ण झाला. २०२३ च्या सुरुवातीला एका स्थानिक इंटरनेट सेवादाराने पाच गावांना फायबर देण्याची तयारी दाखवली, तेव्हा हे पाइप पहिल्यांदा उघडले गेले. तपासणीची रीत अशी की पाइपच्या आतील व्यासापेक्षा किंचित बारीक असा ठोकळा, ज्याला मँड्रेल म्हणतात, हवेच्या दाबाने एका टोकातून दुसऱ्या टोकाकडे सोडायचा. तो सहज बाहेर आला तर पाइप गोल व मोकळा आहे. अडकला तर तेथे पाइप चेपला आहे, सांधा सुटला आहे किंवा माती भरली आहे.

माथ्यावरच्या सहा किलोमीटरमध्ये मँड्रेल दोन ठिकाणे सोडता सगळीकडून गेला. खालच्या तीन किलोमीटरमध्ये तो जवळजवळ प्रत्येक सांध्यावर अडकला. कारण शोधण्यासाठी चार खड्डे घेतले आणि चारही ठिकाणी तेच दिसले. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. दूरसंचार कामांत केबलसाठी १.६५ मीटर खोलीची पद्धत आहे. येथे गटाराच्या चराची खोली होती तेवढीच, म्हणजे जेमतेम तीन फूट, पाइपला मिळाली होती. त्या थरात जमिनीची ओढाताण सर्वांत जास्त असते. पाइपखाली व भोवती बाहेरून आणलेला मुरूम किंवा वाळू घालायला हवी होती, पण चरातून निघालेली काळी मातीच परत लोटली गेली. पाइप वाकला तरी तुटला नव्हता. दोन पाइप जोडणारे कपलर मात्र ओढले जाऊन सुटले होते आणि त्यातून गाळ आत गेला होता. शिवाय काही टोकांना बूच लावलेलेच नव्हते. दहा-वीस रुपयांचे बूच नसल्यामुळे एक किलोमीटर पाइप मातीने भरावा, हे पाहताना वाईट वाटले. त्यापेक्षा वाईट याचे वाटले, की पाइप टाकताना भरलेल्या तपासणीच्या तक्त्यावर माझी सही होती आणि त्या तक्त्यात बुचाचा रकानाच मी ठेवला नव्हता.

आता नोंदींविषयी, कारण या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते येथे. लांबीच्या पाइपांच्या जागा कामावरच्या पर्यवेक्षकाने साखळी क्रमांकाने लिहिल्या होत्या, म्हणजे अमुक किलोमीटरच्या दगडापासून तमुक मीटरवर चेंबर, म्हणजे पाइपपर्यंत पोहोचण्याचा झाकणाचा खड्डा. रस्त्याचे काम पूर्ण होताना दोन धोकादायक वळणे सरळ झाली, रस्त्याची लांबी काहीशे मीटरने घटली, जुने किलोमीटरचे दगड उपटले गेले आणि नवे दगड नव्या मोजणीने बसले. वहीतील प्रत्येक आकडा बरोबर होता आणि एकाही आकड्यावरून जमिनीवर काही सापडत नव्हते. चेंबरची झाकणे साइडपट्टीच्या मुरुमाखाली दबलेली होती. सहा किलोमीटरचा चांगला पाइप जमिनीत असूनही तो शोधण्यात तीन आठवडे गेले, आणि सेवादाराचा एक माणूस तर म्हणाला की याच्यापेक्षा नवीन चर खणणे स्वस्त पडले असते. त्याचे म्हणणे हिशेबाने खोटे नव्हते.

आडव्या पाइपांचे उलट झाले. १७ पैकी १५ पहिल्या दोन दिवसांत सापडले. ज्या शाखा अभियंत्यांनी खोदाईची यादी काढली होती, त्यांनी प्रत्येक आडव्या पाइपची जागा दोन न हलणाऱ्या खुणांपासून टेपने मोजून लिहिली होती: शाळेच्या भिंतीचा कोपरा, मारुतीच्या देवळाची पायरी, विहिरीचा कठडा, जुन्या दगडी मोरीची कड. वळण सरळ झाल्याने देऊळ हलत नाही. उरलेल्या दोनपैकी एकाच्या तोंडावर दुकानाचा ओटा बांधला गेला होता आणि एक अजून सापडलेला नाही. काँक्रीटच्या वेष्टणामुळे सापडलेले सगळे पाइप आतून कोरडे व मोकळे होते.

यावरून माझे मत बदलले. २०२० मध्ये मला लांबीचा पाइप हेच खरे काम वाटत होते आणि फाट्यावरचे आडवे पाइप ही नाइलाजाची तडजोड वाटत होती. आज ज्या विभागाकडे सबंध रस्त्याला पाइप टाकण्याइतका वेळ किंवा मंजुरी नाही, त्याला मी आधी फाट्यावरचे आडवे पाइप टाकायला सांगेन. रस्त्याच्या कडेने मोकळ्या जमिनीत केबल नंतरही नेता येते, थोडी महाग पडेल एवढेच. रस्त्याखालून मात्र नंतर जाता येत नाही, आणि रस्त्याच्या ज्या बाजूला मुख्य केबल असते त्याच्या पलीकडच्या बाजूची गावे, विशेषतः तांडे, जोडणीत कायम मागे राहतात ती त्यामुळेच.

पाइप कोणाचा

पाइप मोकळे आहेत हे सिद्ध झाल्यावरही केबल आत जायला सात महिने लागले. रस्त्याच्या विभागाकडे केबल टाकण्यासाठी खोदाईची परवानगी देण्याची पद्धत होती, खोदाईचे दर होते, रस्ता पूर्ववत करण्याची अनामत होती. आधीच टाकलेला पाइप वापरायला देण्याची पद्धत मात्र नव्हती. भाडे घ्यायचे तर ते कोणत्या लेखाशीर्षात जमा करायचे, एका सेवादाराला दिला तर दुसऱ्याला नाही कसे म्हणायचे, पाइपमधील केबल तुटली तर जबाबदार कोण, या प्रश्नांवर पत्रव्यवहार चालला. तोपर्यंत सेवादाराने दोन गावांना विजेच्या खांबांवरून केबल नेली आणि मे महिन्याच्या वादळात ती तीनदा तुटली. अखेर ग्रामसभांनी ठराव केले, पाइपची मालकी रस्त्याच्या विभागाकडेच राहील व कोणालाही त्याचा एकट्याने हक्क सांगता येणार नाही अशी अट घातली गेली, आणि ना-हरकत पत्र निघाले.

तेव्हापासून कायद्याची बाजू बरीच पुढे गेली आहे. दूरसंचार अधिनियम, २०२३ मध्ये प्रकल्पांत सामाईक डक्ट व केबल मार्गिका उभारून त्या सर्वांना खुल्या ठेवण्याची तरतूद आहे. मार्गाधिकाराची, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून केबल नेण्याच्या हक्काची, कलमे २६ जून २०२४ पासून लागू झाली आणि त्याखालील मार्गाधिकाराचे नियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले. परवानगीचे अर्ज गतिशक्ती संचार पोर्टलवरून करता येतात. खोदाईपूर्वी जमिनीखालील मालमत्तेच्या मालकांना कळवण्यासाठी मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू झाले. हे सगळे उपयोगाचे आहे. मात्र ॲपवर तेच दिसते जे कोणीतरी नोंदवलेले असते, आणि आमच्या नऊ किलोमीटरची नोंद २०२३ पर्यंत एका फाटक्या वहीत होती.

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्गावर केबलसाठी तीन मीटर रुंदीची सेवा मार्गिका ठेवण्याचे ठरवले आणि देशभरात सुमारे १०,००० किलोमीटर फायबरचे उद्दिष्ट जाहीर केले. मराठवाड्यात जालना व छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. अशा मोठ्या मार्गांवर पाइपसाठी जागाही असते आणि आराखड्यात ओळही. पण द्रुतगती मार्ग गावाला वळसा घालून, कुंपणाआडून जातो. गावाला शाळा, दवाखाना आणि ग्रामपंचायत जोडायची असते ती फाट्यावरून, आणि फाटा राज्यमार्गाला किंवा जिल्हा मार्गाला फुटतो. म्हणून ती ओळ जिल्हा परिषदेच्या दहा किलोमीटरच्या रस्त्याच्या अंदाजपत्रकातही असायला हवी, असे मी आग्रहाने सांगते.

पाच गावांचे आज

२०२३ च्या अखेरीस पाचही गावांत फायबर पोहोचले. ग्रामपंचायत कार्यालय, जिल्हा परिषदेची शाळा आणि दोन ठिकाणी आरोग्य उपकेंद्र जोडले गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये एक रुपयात पीक विम्याचे अर्ज भरण्यासाठी याच गावांतील लोक तालुक्याच्या ठिकाणी रात्रभर रांगेत होते. पुढच्या खरिपात ते अर्ज गावातच भरले गेले. टेकडीवर जाणारे परिचालक आता कार्यालयातच बसतात. वीज गेली की जोडणीही जाते, कारण उपकरणाला दिलेली बॅटरी दोन तासांपेक्षा जास्त टिकत नाही, आणि तो प्रश्न कोणत्याही पाइपने सुटणारा नाही.

खालच्या काळ्या जमिनीतील तीन किलोमीटर नव्याने खणावे लागले. या वेळी चर खोल घेतला, पाइपभोवती मुरूम घातला आणि प्रत्येक टोकाला बूच लावले. तपासणीच्या तक्त्यात आता बुचाचा रकाना आहे. सापडलेल्या आडव्या पाइपांची यादी, प्रत्येकाच्या दोन खुणा व अंतरांसह, संबंधित ग्रामपंचायतींच्या मालमत्ता नोंदवहीत गावच्या पाणीपुरवठ्याच्या नकाशाशेजारी लावून घेतली आहे आणि तिची एक प्रत शाळेतही ठेवली आहे. मुख्य रस्त्यापासून एका तांड्याकडे जाणाऱ्या चार किलोमीटरच्या रस्त्याचे अंदाजपत्रक सध्या तयार होत आहे. त्यात मोऱ्यांच्या बाबीखाली दोन आडवे पाइप धरावेत, असे पत्र तांड्याच्या ग्रामसभेने ठरावासह दिले आहे.